पानोपानी इंग्रजी

इंग्रजी पाककृतीत ‘वन स्प्रिग ऑफ करी लीव्ह्ज’ असं लिहिलेलं असतं. स्प्रिग म्हणजे छोटी डहाळी. आपण कढीपत्त्याच्या जुडीतून एक काडी उचलतो, टोकाशी चिमटीत धरून उलटी ओढतो आणि हातात आलेली पंधरा-वीस पानं फोडणीत टाकतो. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ती डहाळी नव्हेच. अख्खी काडी मिळून एकच लीफ. आपण ज्यांना पानं म्हणतो ती लीफलेट्स, पुस्तकी मराठीत पर्णिका. थोडक्यात, फोडणीत पडलं ते एकच पान, तेही तुकड्यातुकड्यानं.

हे ओळखायची खूण सोपी आहे. पानाचा देठ फांदीला जुळतो तिथे वरच्या बेचक्यात डोळा असतो, तोच डोळा ज्यातून पुढे फांदी किंवा फूल फुटतं. इंग्रजीत या बेचक्याला ॲक्सिल म्हणतात; मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काख. पर्णिकेच्या बुडाशी डोळा नसतो. कढीपत्त्याची काडी झाडावरून न तोडता बघा: बारीक पानांच्या बुडाशी काही नाही, आणि काडी खोडाला चिकटते तिथे बारीकसा हिरवा डोळा. शिवाय काडीच्या टोकाला वाढणारा कोंब नसतो, नुसती शेवटची पर्णिका असते.

ही खूण हातात आली की बऱ्याच गोष्टी नव्यानं दिसतात. ‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण खरी, पण तीन लीफलेट्सचं एक लीफ अशा अर्थानं. असल्या पानाला इंग्रजीत ट्रायफोलिएट म्हणतात, काटेकोर लिहिणारे ट्रायफोलिओलेट. बेलाचंही तेच. महादेवाला वाहायचं त्रिदळ म्हणजे एक अखंड पान. त्यातलं एक दळ गळलं तर पान खंडित झालं असं आपण मानतो, ते शास्त्राशीही जुळतं. आपट्याचं उलट आहे. ते दोन पानं जोडल्यासारखं दिसतं, पण आहे एकच, फक्त मधोमध खाचलेलं. इंग्रजीत बायलोब्ड. आपटा ज्या प्रजातीतला, त्या बौहिनियाला हे नाव बौहिन आडनावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून मिळालं, जोडपानाला शोभेलसं.

लोब, म्हणजे खाचांमुळे सुटल्यासारखा दिसणारा पानाचा भाग, आणि लीफलेट यांची गल्लत सगळ्यात जास्त होते ती पपईत. पपईचं पान हाताच्या पंजासारखं फाटलेलं असतं म्हणून त्याला सर्रास पामेटली कंपाउंड, म्हणजे पंजासारख्या सुट्या पर्णिकांचं, म्हटलं जातं. ते चूक. खाच कितीही खोल गेली तरी देठापर्यंत पोहोचली नाही, तर पान सिंपलच, म्हणजे अखंड. पपई पामेटली लोब्ड. सावरीचं पान मात्र खरंच कंपाउंड आहे, कारण तिथे पाच-सात पर्णिका देठाच्या टोकावर एकेक करून सुट्या बसलेल्या असतात. शेवग्यात तर पान तीनदा विभागलेलं असतं, ट्रायपिनेट. शेवग्याच्या पाल्याची भाजी निवडताना जे दाणे दाणे ओरबाडतो ती पर्णिकांची तिसरी पिढी.

देठ, पातं, हीर

पानाच्या अवयवांत मराठी आणि इंग्रजी एकमेकींना एका जागी फार छान भेटतात, ती जागा म्हणजे पातं. गवताचं पातं, सुरीचं पातं, पंख्याचं पातं. इंग्रजीत या तिन्हींना ब्लेड. जर्मनमधला याचाच भाऊबंद ‘ब्लाट’ आजही झाडाच्या पानाला वापरतात. दोन्ही भाषांना चपटं, लांबट, धारदार कडेचं काहीतरी दिसलं आणि दोघींनी एकच शब्द पुरवला. शास्त्रात ब्लेडचा अर्थ जरा रुंद होतो: देठ सोडून पानाचा जो पसरट भाग तो ब्लेड किंवा लॅमिना, मग ते पान आंब्याचं असो की अळूचं.

देठाशी मात्र मराठी गरीब पडते. पानाचा देठ पेटिओल, एका फुलाचा देठ पेडिसेल, अख्ख्या गुच्छाचा दांडा पेडंकल. मराठीत तिन्ही देठच. द्राक्ष बागायतदारांना हा फरक पैशात कळतो. ‘देठ परीक्षण’ म्हणजे पेटिओल ॲनालिसिस. प्रयोगशाळेला हवा असतो पानाचा देठ, पातं काढून टाकलेला. पातं तसंच ठेवून नमुना पाठवला तर आकडे वेगळेच येतात, कारण पात्यातलं आणि देठातलं अन्नद्रव्यांचं प्रमाण सारखं नसतं, आणि अहवालातले मापदंड देठासाठी ठरवलेले असतात.

नारळाशी आलं की पारडं फिरतं. इंग्रजी एका ‘फ्रॉन्ड’वर भागवते, आणि तोच शब्द नेच्याच्या पानालाही वापरते. कोकणात झावळी वेगळी, विणली की झाप वेगळा, आणि पात्यांमधून सोलून काढलेला हीर वेगळा. ‘हिराचा खराटा’ याचं इंग्रजी करताना ‘कोकोनट स्टिक ब्रूम’ लिहितात, चालतं. पण हीर म्हणजे काठी नव्हे, तो पर्णिकेचा मिडरिब आहे. सुपारीच्या पानांच्या ताटल्या ‘अरेका लीफ प्लेट्स’ म्हणून विकल्या जातात, त्याही पात्याच्या नसतात. पोफळीच्या झावळीचं बूड खोडाला म्यानासारखं गुंडाळलेलं असतं, त्याला विरी म्हणतात, इंग्रजीत लीफ शीथ. झावळी गळली की विरी सोबत येते. ती भिजवून गरम साच्यात दाबली की ताटली होते. शीथ म्हणजे तलवारीचं म्यानही. इंग्रजांना पानात हत्यारं फार दिसतात: ब्लेड, शीथ, आणि भाल्यासारखं ते लान्सिओलेट.

पानासारखं दिसतं ते

बोगनवेलीला गुलाबी फुलं नसतात. गुलाबी दिसतात ती ब्रॅक्ट्स, म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेली रूप पालटलेली पानं; आतली छोटी पांढरट नळी हे खरं फूल. केळफूल सोलताना एकेक काढून टाकायची जी लालसर-जांभळी सालं, तीही ब्रॅक्ट्स. निवडुंगात उलटी तऱ्हा: हिरवा थापा हे खोड, काटे ही पानं.

पण या यादीत सगळ्यात चकवणारं झाड ऑस्ट्रेलियन बाभूळ. कोकणात आणि रस्त्यांच्या कडेनं सामाजिक वनीकरणात भरपूर लावलेलं. त्याची कोयत्यासारखी वाकडी, लांब, समांतर शिरांची ‘पानं’ ही पानं नसून चपटे झालेले देठ आहेत. इंग्रजी शब्द फिलोड. पटत नसेल तर झाडाखाली उगवलेलं बोटभर रोप शोधा. पहिली एक-दोन पानं आपल्या गावठी बाभळीसारखी बारीक पिसांची असतात. त्यानंतरच्या पानात पिसं टोकाला आणि खाली देठ रुंदावलेला. आणखी वर गेलात की पिसं गायब, उरला नुसता रुंद देठ. एका वितीच्या रोपावर सगळा प्रवास मांडलेला असतो.

वर्णनाचे शब्द आणि त्यांचे सापळे

फ्लोरा (एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या वर्णनाचं पुस्तक) किंवा झाडांची माहितीपत्रकं वाचताना जे शब्द ओळखीचे वाटतात तेच घात करतात. ‘एन्टायर’ हा त्यातला पहिला. ‘लीफ मार्जिन एन्टायर’ याचं भाषांतर ‘पानाची संपूर्ण कडा’ असं छापलेलं दिसतं. अर्थ आहे: कडेला दाते नाहीत, खाचा नाहीत, कडा सलग आहे. पिंपळ, वड, आंबा हे एन्टायर. कडुनिंब आणि जास्वंद सिरेट, करवतीसारखे पुढे झुकलेले दाते. दाते बोथट आणि गोलसर असले तर क्रिनेट. पानफुटीची कडा बघा, त्याच गोल खाचांतून तिची पिल्लं फुटतात.

दुसरी जोडी ग्लॅब्रस आणि ग्लॉकस. उच्चारानं जुळ्या, अर्थानं लांबच्याही नात्यातल्या नाहीत. ग्लॅब्रस म्हणजे लव नसलेलं. ग्लॉकस म्हणजे निळसर-पांढऱ्या मेणाचा थर असलेलं, जो बोटानं पुसला जातो. कोबीचं बाहेरचं पान घेऊन अंगठा फिरवा: अंगठ्याखाली गडद हिरवा पट्टा उमटतो, भोवती राखाडी झाक तशीच राहते. ती झाक म्हणजे ग्लॉकसपणा. त्याच पानावर पाणी टाकलं तर गोळ्या होऊन घरंगळतं. म्हणून कोबी-कांद्याच्या फवारणीत स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव्य, घालायला सांगतात. नाही घातला तर औषध पानावर न बसता सरीत जातं.

आकारांत ओव्हेट आणि ऑबोव्हेट यांत फक्त अंडं कोणत्या बाजूनं धरलंय एवढाच फरक. जाड बाजू देठाकडे असेल तर ओव्हेट, जसं जास्वंद. जाड बाजू टोकाकडे असेल तर ऑबोव्हेट, जसा रस्त्याकडेचा देशी बदाम. हाच ‘ऑब’ कॉर्डेटला लागला की बदाम उलटा होतो, पत्त्यांतला बदाम म्हणतोय मी: गुळवेलीच्या पानाला खाच देठाकडे म्हणून कॉर्डेट, आंबुशीच्या पर्णिकेला खाच टोकाला म्हणून ऑबकॉर्डेट. देठ कुठे हे आधी बघायचं, मग आकार.

पाला

‘फोलिएज’ हे अगणनीय नाम, म्हणजे ‘फोलिएजेस’ होत नाही. मराठीत याला नेमका जोडीदार आहे: पाला. पालाही मोजता येत नाही. उच्चार फो-लि-इज असा तीन तुकड्यांत. ‘फॉइलेज’ ही चूक इंग्रज-अमेरिकनही करतात. पण पाला शब्दाची व्याप्ती फोलिएजहून मोठी आहे. शेळी पाला खाते तेव्हा इंग्रजीत ते ब्राउज. गाय गवत खाते ते ग्रेझ. मराठीत दोघीही चरतात. शेळीपालनाच्या पुस्तकात ‘ब्राउझिंग’चं ‘चरणे’ केलं की मुद्दाच हरवतो, कारण तिथे सांगायचं असतं की शेळीला मान वर करून झुडपांचा पाला ओढायला आवडतं, जमिनीलगतचं गवत तिच्या पसंतीत नंतर येतं.

पडलेला पाला म्हणजे पालापाचोळा, इंग्रजीत लीफ लिटर. तो कुजला की लीफ मोल्ड, आणि इथे मोठा खड्डा आहे. इंग्रजीत मोल्ड तीन: बुरशी, साचा, आणि जुन्या इंग्रजीतली भुसभुशीत माती. ‘लीफ मोल्ड’मधला मोल्ड तिसरा. नर्सरीत कुंडीच्या मिश्रणाच्या पिशवीवर ‘कन्टेन्स लीफ मोल्ड’ वाचून बुरशी लागलेला माल समजण्याचं कारण नाही. गंमत अशी की टोमॅटोवर ‘लीफ मोल्ड’ नावाचा रोगही आहे, आणि तिथे मोल्ड म्हणजे खरोखर बुरशी. संदर्भ बघितल्याशिवाय उलगडत नाही.

कुजलेल्या पाल्याचा लीफ मोल्ड घरी करता येतो. गोणपाट किंवा कोंबडीजाळीचा पिंजरा घ्यायचा, कोरडी पानं भिजवून दाबून भरायची, वरून झाकायचं, महिन्यातून एकदा ओल बघायची. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. शेण, हिरवा कचरा, युरिया काही घालायचं नाही. हे काम मुख्यतः बुरश्या सावकाश करतात, कंपोस्टसारखं तापत नाही. बहुतेकांचं फसतं ते ओलीवर: उन्हाळ्यात ढीग वाळला की कुजणं जागच्या जागी थांबतं आणि पुढच्या दिवाळीला पानं जशीच्या तशी निघतात. इंग्लंडातल्या थंडीत याला एक ते दोन वर्षं लागतात. आपल्याकडच्या उबेत, ओल टिकवली तर, लवकर होतं. फणस, आंबा अशी चिवट पानं आधी चुरडून घ्यावीत. निलगिरी टाळलेली बरी. तयार झालं की गडद, भुसभुशीत, मातीच्या वासाचं होतं आणि मूळच्या ढिगाच्या मानानं फारच थोडं उरतं. खत म्हणून त्याची ताकद बेताची, पाणी धरून ठेवणं हा खरा गुण.

नर्सरीवाले ‘फोलिएज प्लांट’ म्हणतात ती फुलांसाठी नव्हे, पानांसाठी ठेवायची झाडं: क्रोटन, कोलियस, सिंगोनियम, डायफेनबॅकिया. त्यातली पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची ‘व्हेरिगेटेड’. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून अशा झाडाला त्याच्या हिरव्या भावंडापेक्षा जास्त उजेड लागतो. कोपऱ्यात ठेवलं की नवी पानं हिरवी यायला लागतात. एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर त्याला ‘रिव्हर्ट’ होणं म्हणतात. ती दिसताक्षणी बुडातून कापायची. ठेवली तर ती जास्त अन्न तयार करते, जोमानं वाढते आणि पट्ट्यांच्या फांद्यांना मागे टाकते.

झडणं आणि फुटणं

पानझडीला इंग्रजीत डिसिड्युअस. दंतवैद्य दुधाच्या दातांनाही डिसिड्युअस टीथ म्हणतात, कारण लॅटिनमध्ये अर्थ नुसता ‘गळून पडणारं’ एवढाच. एव्हरग्रीनचं सदाहरित हे भाषांतर उत्तम, तरी गैरसमज राहतोच: सदाहरित झाडाची पानं गळतात, फक्त सगळी एकदम नाही.

भाषांतरकारांची खरी अडचण ‘ऑटम’पाशी. अमेरिकी ‘फॉल’ हा ‘फॉल ऑफ द लीफ’ याचाच तुकडा. तिथे पानं गळतात सप्टेंबर ते नोव्हेंबरात, दिवस लहान आणि गार होतात म्हणून. सह्याद्रीतला साग, सावर, पांगारा पानं टाकतात थंडीच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत, जमिनीतलं पाणी आटतं म्हणून. ऑटमचं भाषांतर शरद केलं तर महिने जवळपास जुळतात, पण आपल्या शरदात पानं गळत नाहीत, चांदणं पडतं. शिशिर केलं तर पानगळ जुळते, महिने हुकतात. माझं मत, कथेत ‘पानगळीचे दिवस’ लिहावं आणि ऋतूचं नाव टाळावं. लाल होऊन गळणारं पान दाखवायचंच असेल तर देशी बदाम आहेच, त्याची पानं गळण्याआधी भडक लाल होतात.

पालवीला मात्र इंग्रजीत एक झकास शब्द आहे: फ्लश. झाडावर एका दमात आलेली कोवळी पानं. चहाचा ‘फर्स्ट फ्लश’ तो हाच. आंब्याची तांबूस पालवी, मार्चमधल्या कुसुंबाची लालबुंद पानं, हे सगळे फ्लश. फ्लशचा दुसरा अर्थ गालांवर रक्त चढणं. आपल्याकडची लाल पालवी पाहिली की हा शब्द इंग्रजांपेक्षा आपल्यालाच जास्त शोभतो असं वाटतं. तो तांबडेपणा अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. पान जून होत हरितद्रव्य भरलं की झाकला जातो.

औषधाच्या डब्यावर

इथे शब्द चुकला की पीक जातं, म्हणून जरा थांबून.

‘फोलिअर ॲप्लिकेशन’ म्हणजे पानांवर फवारणी. ड्रिपमधून द्यायचं वेगळं, आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणं, वेगळी. डब्यावर अर्धा टक्का लिहिलं असेल तर लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम. जमिनीतून देण्याची मात्रा पानावर मारली तर कडा जळतात, त्याला इंग्रजीत स्कॉर्च. मराठीत आपण त्यालाही ‘करपलं’ म्हणतो आणि मग दुकानातून करप्याचं बुरशीनाशक आणतो. ब्लाइट, अँथ्रॅक्नोज, कधी लीफ स्पॉट, आणि हा स्कॉर्च, सगळे करप्यात जमा. इंग्रजी शब्द फरक करतात: स्पॉट म्हणजे ठिपका, त्याला स्पष्ट कडा असते. ब्लाइट म्हणजे झपाट्यानं पसरत जाऊन पान, फांदी मारणारा. स्कॉर्च हा मुळात रोगच नव्हे, तो कडेनं किंवा टोकानं सुरू होतो आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही.

पण मराठीतला सगळ्यात धोकादायक शब्द केवडा. केवड्याच्या कणसासारखा पिवळट-पांढरा रंग पानावर दिसला की केवडा पडला. आता हे बघा.

उसावर केवडा पडतो तो लोहाच्या कमतरतेनं, चुनखडीच्या जमिनीत हमखास. इंग्रजीत आयर्न क्लोरोसिस. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही. शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा होतो, आणि सुरुवात कोवळ्या पानापासून, कारण लोह जुन्या पानातून नव्यात सरकत नाही. जुनी, खालची पानं आधी सरसकट पिवळी पडत असतील तर संशय नत्रावर घ्यायचा, नत्र सरकतं. केवड्यावर उपाय हिराकशीची, म्हणजे फेरस सल्फेटची, अर्धा टक्का फवारणी. द्रावण ताजं असावं. तांबूस झालं की निम्मं काम गेलं. आणि एकदा मारून भागत नाही, नंतर आलेलं पान पुन्हा पिवळंच येतं.

काकडीवरचा केवडा म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. पानाच्या वरच्या बाजूला शिरांनी आखलेले कोनदार पिवळे डाग, आणि सकाळी दव असताना पान उलटलं तर त्याच डागांखाली करडी-जांभळट लव. पान ओलं राहिलं की हा वाढतो. यावर हिराकस मारणं म्हणजे पाण्यात पैसे. भुरी, म्हणजे पावडरी मिल्ड्यू, ही याची नुसती नावबहीण: पीठ भुरभुरल्यासारखी, बहुतेकदा वरच्या बाजूनं दिसणारी, आणि तिला पान ओलं लागत नाही. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर नाही. बाजरीवरचा केवडाही डाऊनीच. त्यात कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो, म्हणून शेतकरी त्याला गोसावी म्हणतात, जटांवरून. इंग्रजी नाव ग्रीन इअर. गोसावी कितीतरी चांगलं.

भेंडीवरचा केवडा तिसराच. यलो व्हेन मोझॅक, विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते. इथे शिराच पिवळ्या होतात आणि मधला भाग सुरुवातीला हिरवा राहतो, उसाच्या नेमकं उलट. लागलेलं झाड कशानंच बरं होत नाही. उपटून नष्ट करायचं आणि माशी आवरायची.

तर मोबाइलवर ‘केवडा’चं इंग्रजी शोधून पहिलं उत्तर उचलू नका. पीक कोणतं, शिरा हिरव्या की पिवळ्या, पानाखाली लव आहे की नाही, एवढं बघितलं की तीन इंग्रजी शब्दांतला नेमका हातात येतो.

तणनाशकाच्या डब्यावरचं ‘ॲट टू टू फोर लीफ स्टेज’ हेही असंच. मोजायची ती खरी पानं. रुंद पानाच्या तणात उगवताना निघणारी पहिली जोडी ही बीजपत्रं, कॉटिलिडन्स. ती गुळगुळीत, साधी असतात आणि पुढच्या पानांसारखी दिसत नाहीत. ती हिशेबात धरली तर फवारणी फार लवकर होते. डबा उशिरा वाचला तर तण जून होतं आणि मरत नाही. ‘ब्रॉडलीफ’ म्हणजे नुसतं रुंद पान नव्हे, द्विदल तण. 2,4-डी हे तणनाशक उसात किंवा ज्वारीत चालतं कारण ही गवत कुळातली पिकं. शेजारी कापूस किंवा द्राक्ष असेल आणि वारा तिकडे असेल तर पंप उचलू नये. कापसाची पानं लांबट, अरुंद, पंजासारखी वेडीवाकडी होतात. व्हिएतनाम युद्धात जंगलांवर फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या डिफोलिअंटमध्ये जी दोन रसायनं होती, त्यातलं एक हेच. त्यातलं कुप्रसिद्ध विष, डायॉक्सिन, मात्र दुसऱ्यासोबत, 2,4,5-टीसोबत आलेलं. डिफोलिअंट म्हणजे पानं पाडणारं औषध. डाळिंबाचा बहार धरताना इथेफॉन मारून पानगळ करतात, तेही डिफोलिएशनच, फक्त झाड जगवण्यासाठी.

फोलियमचं गोत

लॅटिन ‘फोलियम’ म्हणजे पान. त्याची पोरं कुठे कुठे नांदतात बघा. फॉइल, ज्यात पोळ्या गुंडाळतो. पोर्टफोलिओ, मूळ अर्थ सुटे कागद नेण्याची पिशवी. एक्सफोलिएट, थर सोलणं: चेहऱ्याच्या क्रीमवर असतं, ग्रॅनाइटच्या खडकाबद्दलही वापरतात, आणि कुंडीसाठी मिळणाऱ्या ‘एक्सफोलिएटेड व्हर्मिक्युलाइट’च्या पिशवीवरही. तिथे पानाचा संबंध नाही. ते खनिज तापवून पदर सुटेपर्यंत फुलवलेलं असतं. सोन्याच्या वर्खाला गोल्ड लीफ म्हणतात, वर्ख जाडा झाला की फॉइल.

आणि फॉलिक ॲसिड. या गोळीची गोष्ट मुंबईची आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये भारतात आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा माग काढत होती. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे इंग्रजांच्या मार्माइटनं, या बायका बऱ्या होतात हे तिनं 1931 मध्ये प्रसिद्ध केलं. अर्कातलं नेमकं काय काम करतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. 1941 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालक गाळून एक द्रव्य वेगळं केलं आणि पानांतून आलं म्हणून नाव ठेवलं फॉलिक. विल्स फॅक्टर तो हाच निघाला.

वहीच्या पानाचा घोळ वेगळा. इंग्रजीत लीफ म्हणजे कागदाचा पूर्ण पापुद्रा, पुढची बाजू रेक्टो, मागची व्हर्सो. पेज म्हणजे त्याची एक बाजू. दुकानातली ‘200 पानी वही’ म्हणजे 200 पेजेस, 100 लीव्ह्ज. पण पोथीत हिशेब उलटतो: सुट्या पानाला एकच क्रमांक असतो, म्हणून 40 पानांची पोथी म्हणजे 40 फोलिओ, 80 पृष्ठं. सूची करताना ‘40 पेजेस’ लिहिलं की अर्धी पोथी हरवली असं कोणीतरी पुढे समजणार.

‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ यातलं पानही वहीचंच. त्याचं ‘आयुष्याला नवी पालवी फुटली’ हे भाषांतर गोड आहे, पण पालवी आपोआप फुटते. इंग्रजीत माणूस स्वतः पान उलटतो, वागणं सुधारायचं ठरवून.

राहिलं स्वयंपाकघर. ‘बे लीफ’ म्हणून परदेशी बरणीतलं जे पान मिळतं ते भूमध्य समुद्राकडच्या लॉरेलचं, आपलं तमालपत्र नव्हे. हातात घेऊन बघा: लॉरेलला मधोमध एकच शीर आणि आडव्या उपशिरा. तमालपत्र मोठं, आणि त्याच्या बुडापासून टोकाकडे तीन शिरा लांबच लांब जातात. तमालपत्र दालचिनीच्याच प्रजातीतलं असल्यानं वासही दालचिनीकडे झुकणारा. लॉरेलचा वास त्यापेक्षा रानटी, किंचित निलगिरीसारखा. मसालेभातात लॉरेल घातलं तर भात बिघडत नाही, पण मसालेभात वाटत नाही. आणि ‘बीटल लीफ’ म्हणजे विड्याचं पान, ‘बीटल नट’ म्हणजे सुपारी. एक मिरीच्या कुळातली वेल, दुसरा ताडाच्या कुळातला उंच सोट. बीटल हा शब्द मल्याळम ‘वेट्टिला’वरून पोर्तुगीजांमार्फत आला, आणि तो मुळात पानाचाच. सुपारीला ते नाव मिळालं ते विड्यात शेजारी बसल्यामुळे.